एकट्याचे बिऱ्हाड



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असावी की आम्ही किमान वेतनावर, नाही तर कंत्राटी कामगारांवर बोलू. दोन्ही विषय आमच्या रोजच्या वहिवाटीतले आहेत. आम्ही ‘एकट्याचे बिऱ्हाड’ असे कळवले. त्यावर चालकांपैकी एक स्नेही हसून म्हणाले, ‘‘एकट्याचे कसले आले बिऱ्हाड? एक वळकटी आणि एक ट्रंक!’’ त्यांचे ते हसणे आमच्या मनात राहिले. आजचे बोलणे हे बव्हंशी त्यांनाच दिलेले उत्तर आहे, आणि ते पहिल्या रांगेत बसले आहेत. तेव्हा उत्तर थोडे लांबेल.

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, अशी आपल्याकडे म्हण आहे. म्हणीचा रोख खर्चावर आहे हे खरे. पण आपल्या पूर्वजांनी या दोन गोष्टी एका दाव्याला बांधल्या त्या अजून सुटलेल्या नाहीत. ज्याचे लग्न झाले, ज्याच्या पदरी मुलेबाळे आहेत, त्याला घर हवे हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. जो एकटा आहे त्याला घर कशाला, असे घरमालक विचारतो, शेजारी विचारतो, कचेरीतला कारकून विचारतो. आणि पुढे कबूल करणारच आहोत, आमच्यासारखा युनियनवालाही विचारतो. एकटा जीव सदाशिव म्हणतात. पण कैलासावर भाडे भरावे लागत नसे.

हे एकटे कोण, ते आधी पाहू. मुंबई-पुण्याची गोष्ट करायला नको, आपले तिरोडे पुरे. येथे 660 मेगावॅटचे पाच संच असलेले, एकूण 3,300 मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र 2012 ते 2014 या काळात सुरू झाले. ते उभारताना आणि नंतर त्याच्या देखभालीसाठी बिहार, झारखंड, उत्तर प्रदेश, छत्तीसगड, ओडिशा येथून माणसे आली. त्यांतले बहुतेक घरदार गावी ठेवून आलेले. कागदावर ते कुटुंबवाले. येथे मात्र एकटे, आणि खर्च दोन चुलींचा. त्यांच्याशिवाय भातगिरण्यांतले हमाल आहेत. बदलीवर आलेली परिचारिका आहे, तालुक्याच्या शाळेतली नवी शिक्षिका आहे, एस.टी.चा वाहक आहे, बँकेतला तरुण आहे. विडी वळून जन्म गेलेली विधवा आहे. ज्याची मुले नागपूर, पुणे, हैदराबाद अशी पांगली तो म्हाताराही आहे. आणि आपलीच मुले विसरू नका. गोंदियाहून सुटणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस कोल्हापूरला जाते, विदर्भ एक्स्प्रेस मुंबईला जाते, आणि त्यांत बसून आपली पोरे ज्या शहरात उतरतात तेथे तीही एकटीच असतात. ‘‘बॅचलरला रूम नाही’’ हे वाक्य त्यांना तेथे ऐकावे लागते, आणि त्यांचेच वडील तेच वाक्य येथे दुसऱ्याच्या मुलाला ऐकवतात.

कोणी म्हणेल, अशी माणसे असून असून किती असणार? 2011 च्या जनगणनेप्रमाणे देशात एकाच माणसाची कुटुंबे शंभरात चारच्या आसपास निघाली. आकडा लहान दिसतो. पण ज्याला स्वतंत्र खोलीच परवडत नाही आणि म्हणून जो शेडमध्ये दहा जणांत झोपतो, किंवा जी भावाच्या घरात अंग चोरून राहते, ती या आकड्यात येतच नाहीत. त्याच जनगणनेत विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित आणि अविवाहित अशा एकल स्त्रियांची संख्या सात कोटींच्या वर भरली होती. त्यांतल्या किती जणी आपल्या मर्जीने दुसऱ्याच्या छपराखाली आहेत आणि किती जणी भाडे परवडत नाही म्हणून, हे शिरगणतीत कळत नाही.

आता हिशेबाकडे येऊ. भाडे रुपयांत मोजू नये, दिवसांत मोजावे, अशी आमची जुनी सवय आहे. रुपया बदलत जातो. दिवस सर्वांना सारखा. समजा, एक खोली आहे आणि तिचे महिन्याचे भाडे म्हणजे आठ दिवसांची मजुरी. महिन्यात कामाचे दिवस 26. नवरा-बायको दोघे कामाला जात असतील तर त्यांच्या 52 दिवसांतले आठ दिवस घरमालकाला गेले. एकटा असेल तर 26 तले आठ. खोली तीच, दिवा तोच, पंखा तोच, चूल तीच. भात दोघांचा निम्मा केला तर एकाचा होतो. भिंती मात्र निम्म्या होत नाहीत. दाराला कुलूप एकच लागते आणि त्याची किंमत एकट्यालाच भरावी लागते. एकट्याची गरज अर्धी असते अशी समजूत आहे. घराच्या बाबतीत ती साफ खोटी आहे. आजारी पडला तर त्याचे खाडे भरून काढायला दुसरा पगार घरात नसतो. त्या महिन्यात पहिल्यांदा थकते ते भाडे.

म्हाताऱ्या माणसाकडे तर मोजायला दिवसच नसतात. भविष्यनिर्वाह निधीखालच्या 1995 च्या निवृत्तिवेतन योजनेत किमान रक्कम 2014 साली महिना 1,000 रुपये ठरली. संजय गांधी निराधार योजनेतले आणि श्रावणबाळ योजनेतले अनुदान 2023 साली 1,500 रुपये झाले. या रकमेत कोणी खोली घेऊन, तेल-मीठ आणून, औषध घेऊन दाखवावे. आम्ही त्याचा येथेच सत्कार करू.

या ठिकाणी आमच्या चळवळीच्या जिव्हाळ्याची एक गोष्ट सांगितली पाहिजे. 1957 च्या जुलैत भारतीय श्रम परिषदेचे पंधरावे अधिवेशन झाले. किमान वेतन कसे काढावे याचे सूत्र तेथे ठरले. कामगार एक एकक, बायको आठ-दशांश, दोन मुले प्रत्येकी सहा-दशांश, अशी तीन एकके धरावी. त्यांचे अन्न, वर्षाला 72 वार कापड, सरकारच्या औद्योगिक गृहयोजनेतल्या किमान जागेचे भाडे, आणि जळण-दिवाबत्ती व किरकोळ यांसाठी एकूण वेतनाचे वीस टक्के. हे सूत्र आम्हांला रात्री झोपेतून उठवले तरी म्हणून दाखवता येईल. त्यासाठी आम्ही उभा जन्म भांडलो आणि आजही भांडतो. पण त्यातली मेख पाहा. भाडे कुटुंबाच्या हिशेबाच्या एका कोपऱ्यात बसवलेले आहे. पुढे 2019 ची वेतन संहिता आली. तिच्याखाली 2020 साली जे मसुदा-नियम प्रसिद्ध झाले त्यांत घरभाडे म्हणजे अन्नवस्त्राच्या खर्चाचे दहा टक्के असे धरले होते. म्हणजे कोणाचे अन्नवस्त्र 10,000 रुपयांचे धरले तर घर 1,000 चे. अशी खोली, जिच्या दाराला आतून कडी लागते आणि जिच्या छपरातून आभाळ दिसत नाही, ती कोठे आहे ते आम्हांला सभेनंतर सांगावे.

मालक लोक वाटाघाटीत आणखी एक युक्तिवाद करतात. ‘‘हा तर सडा माणूस आहे, याला काय लागते?’’ याचा अर्थ असा की सूत्र कुटुंबाचे, पण देताना हात आखडायचा तो एकटेपण दाखवून. आणि खोली मागायला गेला की तेच एकटेपण पुन्हा आडवे येते. कामावर एकटा म्हणून कमी, घराला एकटा म्हणून नाही. गरीब माणसाने एकटे राहू नये असा कायदा नाही, पण व्यवहार तसाच आहे.

आता जरा मागे जाऊ. एकट्या कामगाराच्या निवाऱ्याचा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. मुंबईने तो शंभर वर्षांपूर्वी पुरता भोगला आहे. 1921 च्या सुमारास मुंबईत हजार पुरुषांमागे स्त्रिया होत्या सव्वापाचशेच्या आसपास. रत्नागिरीचा, साताऱ्याचा माणूस गिरणीत आला तो बायकामुले गावी ठेवून. 1925 साली बर्नेट-हर्स्ट नावाच्या अभ्यासकाने मुंबईतले मजूर आणि त्यांची घरे यांवर पुस्तक लिहिले. कामगारांपैकी शंभरातले 97 एकाच खोलीच्या बिऱ्हाडात राहतात, असे त्याने त्यात नमूद केले आहे. त्या एका खोलीत कुटुंब, आणि कुटुंबाच्या आधाराने राहणारे दोनचार सडे, हा नेहमीचा प्रकार.

ज्यांना असे कुटुंबही मिळाले नाही, त्यांनी स्वतःच तोड काढली. एका गावच्या लोकांनी मिळून एक खोली घ्यायची, तिला गावकऱ्यांची खोली म्हणायचे. वीस-वीस, तीस-तीस माणसांचा तेथे पत्ता. पाळी बदलली की अंथरूण बदलायचे. दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला त्याच जागी आडवा व्हायचा. प्रत्येकाची भिंतीला एक खुंटी आणि खाली एक ट्रंक. जेवण खानावळीत, तेही बहुधा कोणा बाईच्या, जिचे बिऱ्हाड या सड्यांच्या जेवणावर चालायचे. या खानावळवाल्या बायकांची पुढे 1975 साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात संघटना बांधली. एकट्या पुरुषांची सोय एकट्या पडलेल्या बायकांनी केली आणि दोघांचाही हिशेब कोणी ठेवला नाही. प्रेमाताई कामगार चळवळीतल्या, म्हणून त्यांना तो दिसला. आम्ही पुरुष पुढारी त्याच खानावळींत जेवत होतो.

गोव्याच्या लोकांची व्यवस्था याहून नेटकी. धोबीतलाव, माझगाव या भागांत गोव्याच्या एकेका गावचे ‘कूड’ होते, क्लबही म्हणत. अशी कुडे मुंबईत शेकड्यांनी होती आणि त्यांतली काही अद्याप आहेत. जहाजावरचा खलाशी, बटलर, वाजंत्री, नोकरीच्या शोधात आलेला पोरगा, गावचा असला की त्याला कुडात जागा. एक पेटी, पथारीपुरती जमीन, नाममात्र वर्गणी. संध्याकाळी वेदीपुढे सर्वांनी मिळून प्रार्थना करायची, हा शिस्तीचा भाग. जहाज लागले नाही तर खलाशी महिनोन्महिने तेथे काढी, आणि कोणी त्याची ट्रंक रस्त्यावर टाकत नसे. कारण जागा घरमालकाची नव्हती, गावची होती. या एका गोष्टीसाठी आम्ही कुडांना मानतो. मात्र तेथे बाईला जागा नसे, आणि परगावच्या माणसालाही नसे.

विलायतेतही हाच पेच होता. लंडनला लॉर्ड रौटन याने 1892 साली व्हॉक्सहॉल भागात एकट्या कामगारांसाठी मोठे वसतिगृह बांधले. एका रात्रीचे सहा पेन्स. हॉलमध्ये खाटांची रांग न लावता प्रत्येकाला आडोशाची वेगळी जागा, वाचायला खोली, अंघोळीला पाणी. ते चालले, म्हणून त्याने आणखी बांधली. आमच्या मते त्या यशाचे कारण तो आडोसा.

आणि सरकारने बांधले तर काय होते, याचाही धडा मुंबईतच आहे. 1920 च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे 207 चाळी उभ्या केल्या. त्याच बी.डी.डी. चाळी. एक खोली 160 चौरस फुटांची. बांधून झाल्या आणि कितीतरी खोल्या रिकाम्या पडल्या! माणसे जिन्यात, फुटपाथवर झोपत होती आणि सिमेंटच्या खोल्यांना भाडेकरू मिळत नव्हता. कारण भाडे कामगाराच्या दिवसांत बसत नव्हते आणि वरळी तेव्हा गिरण्यांपासून लांब. पुढे 1930 च्या सत्याग्रहात सरकारने वरळीच्या रिकाम्या चाळींचा तुरुंगासारखा उपयोग केला. कामगारासाठी बांधलेल्या घरात सत्याग्रही फुकट राहिले, असे आम्ही कधी कधी गमतीने म्हणतो.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. 2020 साली आपल्याच जिल्ह्यात देवरीच्या रस्त्याने, महामार्गावरून, छत्तीसगडाकडे माणसे पायी चालली होती. आपल्यापैकी पुष्कळांनी त्यांना पाणी दिले, भात दिला. आम्हीही तेथे उभे होतो. ‘‘का निघालात?’’ असे विचारले की पहिले उत्तर रोगाचे नसायचे. ‘‘काम बंद, आणि खोलीवाला भाडे मागतो.’’ मार्च 2020 च्या 29 तारखेला केंद्राच्या गृहखात्याने हुकूम काढला होता की मजुरांकडून एक महिना भाडे मागू नये. महाराष्ट्र सरकारनेही एप्रिलमध्ये तीन महिने भाडेवसुली पुढे ढकलण्याची सूचना केली. कागद चांगले होते. पण ज्याच्याजवळ भाड्याची पावती नाही, करार नाही, ज्याचे नाव कोणत्या वहीत नाही, त्याने तो हुकूम कोणाला दाखवायचा? ज्या 1979 च्या कायद्यात परप्रांतीय मजुराच्या कंत्राटदाराने त्याच्या राहण्याची योग्य सोय करावी असे कलमच होते, तो कायदाही त्या वर्षी कोणाला आठवला नाही. आणि त्याच वर्षी मंजूर झालेल्या नव्या संहितेत तो मिसळून गेला.

त्या चालण्याचा एक परिणाम झाला. जुलै 2020 मध्ये केंद्र सरकारने परवडणाऱ्या भाड्याच्या गृहसंकुलांची योजना मंजूर केली. तिच्यात एका खोलीची घरे आणि एकेका माणसाच्या खाटा, दोन्ही धरलेल्या होत्या. आधीच्या योजनांत बांधून रिकामी पडलेली सरकारी घरे देशात ऐंशी हजारांहून जास्त होती. ती भाड्याने द्यावी असा एक मार्ग होता. त्यांतली थोडीच प्रत्यक्षात भाडेकरूंच्या हाती गेली. बी.डी.डी.चीच कहाणी, शंभर वर्षांनी. केरळने मात्र पालक्काडजवळ कंजिकोड येथे 2019 सालीच ‘अपना घर’ नावाचे 620 जणांचे वसतिगृह परप्रांतीय कामगारांसाठी उघडले होते. नाव हिंदी ठेवले, कारण राहणारे हिंदी बोलणारे. एवढा विचार करणारा अधिकारी कोण असेल त्याला आमचा नमस्कार.

खाट आणि घर यांत मात्र गल्लत होऊ देऊ नये. पत्र्याच्या शेडमध्ये दोन मजली खाटा लावल्या आणि घराचा प्रश्न सुटला, असे मानणारे लोक आहेत. अशी शेड आम्ही आतून पाहिली आहे. उन्हाळ्यात पत्रा तापला की माणसे मध्यरात्री बाहेर येऊन रस्त्याच्या कडेला झोपतात, आणि पैसे ट्रंकेत ठेवण्याऐवजी कमरेला बांधतात. चार-आठ महिन्यांच्या कामाला खाट चालेल. दहा वर्षे राहणाऱ्या माणसाला, म्हाताऱ्याला, आणि कोणत्याही बाईला दार हवे. स्वतःचे कुलूप लावून कामावर जाता येईल आणि परत आल्यावर आतून कडी घालता येईल, एवढ्याला आम्ही घर म्हणतो.

आता ती कबुली. वीसएक वर्षांपूर्वी विडी कामगारांच्या घरांसाठी एका योजनेचे अर्ज भरण्याचे काम आमच्या युनियनने अंगावर घेतले होते. घरे थोडी, अर्ज पुष्कळ. आम्ही तिघे-चौघे रात्री कंदील लावून बसत असू, कारण वीज तेव्हा बेभरवशाची. कोणाचे कागद आधी पाठवावे हे आमच्या हाती होते. आम्ही ठरवले, आधी लेकुरवाळ्या. त्या गठ्ठ्यात एका विधवेचा अर्ज होता. तीस वर्षे तिने सट्टेदाराच्या दारात विड्या मोजून दिल्या होत्या. मूल नव्हते. पुतण्याच्या सपरीत राहत होती. कुटुंबाचा फोटो लावायचा त्या चौकटीत तिने स्वतःचा एकटीचा फोटो लावला होता, तोही ओळखपत्रावरून सोडवून घेतलेला. तो अर्ज आम्ही आमच्या या हातांनी बाजूला ठेवला. पुढच्या खेपेला पाहू, म्हणालो.

ती कार्यालयात आली. भांडली नाही. म्हणाली, ‘‘एकटीच्या घरात पानी कमी गळते का जी, भाऊ?’’ आम्ही तिला समजावले. समजावणे हे आमच्या धंद्यातले कसब आहे. ती समजली, किंवा समजल्यासारखे करून गेली. पुढची खेप आलीच नाही. धानाच्या हंगामात पुतण्याची पोती सपरीत यायची आणि तिची खाट अंगणात जायची, हे आम्हांला नंतर कळले. ती वारली तेव्हा आम्ही मौतीला गेलो होतो. पोती रचलेलीच होती.

तिला कोणी कायद्याने नाकारले नाही. आम्ही नाकारले, आणि चांगल्या मनाने नाकारले. म्हणून सांगतो, दोष फक्त सरकारचा किंवा मालकाचा आहे असे म्हणण्याचा अधिकार निदान आम्हांला नाही.

सरकारी व्याख्याही तशाच होत्या, आणि काही प्रमाणात बदलल्या. शहरी प्रधानमंत्री आवास योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुले असे धरले होते. 2017 साली त्यात दुरुस्ती झाली. कमावता प्रौढ माणूस, लग्न झालेले असो वा नसो, त्याच्या नावावर पक्के घर नसेल तर स्वतंत्र कुटुंब धरता येईल, असे ठरले. 2024 पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात विधवा आणि एकल स्त्रियांना प्राधान्यही आहे. ही बातमी आपल्या गल्लीपर्यंत नीट पोचलेली नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. पण त्यातही एक अडचण आहे. स्वतः बांधायचे घर मिळते ते ज्याच्या नावावर जागा आहे त्याला. सपरीत राहणाऱ्या बाईच्या नावावर जागा कोठून असणार? तिला आणि परगावच्या कामगाराला उपयोगी पडेल ती भाड्याची खोलीच. आपल्याकडे घर म्हटले की मालकीचे, हा हट्ट आहे. भाड्याने नीट राहणे ही कमीपणाची गोष्ट मानली जाते, आणि म्हणून भाड्याची चांगली खोली कोणी बांधतच नाही.

घरमालकांची बाजूही ऐकली पाहिजे. काही मालक येथे बसले आहेत आणि त्यांतल्या दोघी स्वतः विधवा आहेत. मागची एक खोली भाड्याने देणे हेच त्यांचे पेन्शन. त्यांची भीती जुनी आहे. विदर्भात 1949 चा मध्य प्रांत-वऱ्हाडचा भाडेनियंत्रण आदेश होता. नियंत्रकाच्या परवानगीवाचून भाडेकरूला काढता येत नसे, आणि एकदा आत आलेला माणूस निघत नाही ही समजूत त्या काळातली. आता तसे नाही. 31 मार्च 2000 पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्यात करार लेखी आणि नोंदलेला हवा. तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. नोंदला नाही आणि तंटा झाला, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे धरले जाते, ते खोटे असल्याचे मालकाला सिद्ध करावे लागते. परवान्याची मुदत संपली की जागा परत मिळण्याची सोयही त्यातच आहे. आणि भाडे थकले म्हणून पाणी तोडणे, वीज तोडणे हे त्या कायद्याला मंजूर नाही. म्हणजे कागद दोघांच्याही फायद्याचा. तरी तिरोड्यात बहुतेक खोल्या तोंडी बोलीवर जातात. एकटी मुलगी खोली पाहायला आली की करार निघत नाही, प्रश्न निघतात: कोण येणार, कोण जाणार, कितीला परत येणार. परिचारिका रात्रपाळी करणार नाही तर आपल्या म्हाताऱ्यांना रात्री सुई कोण देणार?

सोलापूरकडे पाहावे असे आम्ही नेहमी सांगतो. तेथे नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने विडी कामगार स्त्रियांची सहकारी संस्था झाली, गोदूताई परुळेकरांच्या नावाची. कुंभारी येथे तिच्या 10,000 घरांची वसाहत 2006 साली उभी राहिली. त्याच कुंभारीत असंघटित कामगारांसाठी रे नगर ही 30,000 घरांची योजना झाली आणि तिची पहिली 15,000 घरे जानेवारी 2024 मध्ये दिली गेली. युनियनने फक्त वेतन मागावे, घर हा तिचा विषय नव्हे, असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे. विडी कामगारांच्या कल्याणाचा उपकर 1 जुलै 2017 पासून रद्द झाला. त्यामुळे हा रस्ता आता पूर्वीपेक्षा चढाचा आहे, हेही खरे.

तिरोड्याला 30,000 घरे नकोत. आमचे मागणे लहान आहे. नगर परिषदेने गावात, रेल्वे स्टेशन आणि बस स्थानक यांच्या चालण्याच्या अंतरात, एक जागा द्यावी. गावाबाहेरची नको, स्वस्त जागेवर बांधलेल्या खोलीचे राहिलेले भाडे ऑटोवाल्याला द्यावे लागते. तेथे आधी 40 खोल्या, निम्म्या स्त्रियांसाठी. प्रत्येकीला वेगळे दार, कडी, खिडकी, एक ओटा. नळ आणि संडास चार खोल्यांत मिळून चालतील. भाडे त्या वेळच्या किमान वेतनाच्या चार दिवसांपेक्षा जास्त नसावे, आणि निराधार अनुदानावर असेल त्याला त्याहून कमी. भाड्याची पावती द्यावी. पावती असली की शिधापत्रिकेला, बँकेला, दवाखान्याला पत्ता होतो. कोणाच्या लग्नाची चौकशी करू नये. संध्याकाळी दार कितीला बंद करायचे हे राहणाऱ्यांनी मिळून ठरवावे. कुडात जसे गावकरी ठरवीत.

यावर आमच्याच कमिटीत एकाने विचारले की 40 खोल्यांनी काय होणार. आम्ही त्याला म्हटले, मोजणी तरी सुरू होईल. आज किती माणसांना खोली हवी आहे हे नगर परिषदेला माहीत नाही, आम्हांलाही माहीत नाही. म्हणून एक वही केली आहे. सभामंडपाच्या बाहेर, चपला काढतो त्या कोपऱ्यात टेबलावर ती ठेवली आहे. तिच्यात नाव, काम, सध्या कोठे राहता, आणि महिन्याला किती दिवसांची मजुरी भाड्यात जाते, एवढेच रकाने आहेत. कुटुंबातील व्यक्तींचा रकाना छापणाऱ्याने सवयीने घातला होता; तो आम्ही पट्टीने आडवी रेघ मारून काढला आहे. ज्यांना लिहिता येत नसेल त्यांचे आम्ही लिहून घेऊ. दहा वाजेपर्यंत येथेच आहोत.